धोंडिरामचं जाड अक्षर

गावाचं नाव मी लिहीत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं, पावसानं वाळीत टाकलेलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. मला अजून तिथंच राहायचं आहे आणि कचेरीच्या आवारातच बसायचं आहे. मी स्टँप वेंडर. स्टँप पेपर आणि अर्जाला लावायची तिकिटं विकतो. आवारातल्या पत्र्याखाली आम्ही तिघं ओळीनं बसायचो. डावीकडं टायपिस्ट नानासो, उजवीकडं टायपिस्ट धोंडिराम आणि मधे मी. दोन्ही बाजूंनी खडखडाट ऐकून माझे कान कामातून गेले आहेत, पण डोळे शाबूत आहेत.

धोंडिरामबद्दल लोक आता हळहळून बोलतात. मला त्या हळहळीची चीड येते. माणूस भला होता, मान्य. पण त्याला आपल्या अक्षराचा गर्व होता, आणि त्या गर्वापायी त्यानं पोटच्या पोरीचं वाटोळं केलं. हे तोंडावर बोलायला कुणी तयार नाही, म्हणून मी बोलतो.

त्याचं ते मशीन त्यानं साताऱ्याला भंगाराच्या लिलावात घेतलं, नव्वद सालाच्या आसपास. लिलाववाल्यानं त्याची एक कथा सांगितली होती. कुणा मंत्र्याची नजर अधू झाली होती आणि सभेत चष्मा घालायची त्याला लाज वाटायची, म्हणून त्याची भाषणं टाइप करायला हे मोठ्या अक्षराचं मराठी मशीन मुद्दाम बनवून घेतलं. मंत्री गेला, मशीन उरलं. खरं-खोटं लिलाववाल्याला ठाऊक. एका पानावर मजकूरच मावत नाही म्हणून त्याला कुणी हात लावला नाही, आणि धोंडिराम तर त्या अक्षराच्या प्रेमातच पडला.

अक्षर होतंच तसं. नेहमीच्या टाइपापेक्षा दीडपट उंच आणि चांगलं दुप्पट जाड. वरची रेघ सलग यायची नाही, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याची त्याची वेगळी टोपी. 'क'चं पोट शाईनं भरून गेलेलं, 'ळ'चे दोन्ही डोळे बुजलेले. काना म्हणजे दाव्याचा खुंट. अनुस्वार तर कागदाला भोक पाडूनच उमटायचा. अर्ज उजेडाकडं धरला की भोकाभोकांतून ऊन यायचं. शाई वाळायला वेळ लागायचा, त्यामुळं नवा कागद हातात घेतला की बोटं काळी व्हायची. म्हातारी माणसं तो अर्ज चष्म्याशिवाय वाचायची. ज्यांना वाचता येत नव्हतं, ती नुसती बघूनच खूश व्हायची.

त्या अक्षरात पाल्हाळ लावायची सोय नव्हती. नानासोच्या मशीनवर 'सविनय विनंती की' पासून 'आपला नम्र' पर्यंत दीड पान सहज भरायचं. धोंडिरामला तेवढ्यात चार-सहा वाक्यं बसवायची असायची. म्हणून तो माणसाचं सगळं रडगाणं ऐकून घ्यायचा आणि टाइप करायचा एवढंच : 'वस्तीवर पाणी नाही. टँकर गावात थांबतो. आम्हाला घेऊ देत नाहीत. टँकर वस्तीवर पाठवावा.' वाचताना कुणी दंडाला धरून सांगतंय असं वाटायचं. मी एवढी वर्षं अर्ज बघतोय, पण असे अर्ज दुसरीकडं बघितले नाहीत.

धोंडिराम बौद्ध, गावापासून लांबच्या वस्तीवरचा. छप्पन्न साली त्याच्या बापानं धर्म बदलला तेव्हा तो चालता-बोलता पोरगा होता. तरणेपणी मुंबईला गोदीतल्या एका कंपनीत शिपाई होता, संध्याकाळच्या क्लासला जाऊन टायपिंग शिकला आणि आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आला. त्याचा बाप कचेरीत अर्ज द्यायचा तेव्हा तो लांबूनच टेबलावर टाकायला लागायचा, आणि कारकून तो फूटपट्टीनं सरकवायचा. हे त्यानं लहानपणी बघितलं होतं. त्यामुळं अक्षराबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलायचा.

"बारीक अक्षर म्हंजी सायबाम्होरं हात जोडून हुबं ऱ्हाणं," तो म्हणायचा. "जाड अक्षर म्हंजी खुर्ची वढून बसणं. कसं?"

त्या अक्षराचा उपयोग लोकांनी कशाकशाला केला म्हणून सांगू? पिठाच्या गिरणीवरचं 'ओलं दळण आणू नये', विहारातल्या कार्यक्रमाचा कागद, बैलांच्या शर्यतीचे नियम, एसटी स्टँडावरच्या हॉटेलातलं 'कट चहा मिळणार नाही', सगळं धोंडिरामचं. मेलेल्या माणसाच्या दहाव्याची बातमी त्या अक्षरात चिकटवली की सगळं गाव थांबून वाचायचं. एकदा सांगलीचा एक छापखानेवाला आला. शहरात आता जुन्या वळणाच्या पत्रिका चालतात म्हणाला. नवरा-नवरीची नावं त्यानं धोंडिरामकडून टाइप करून घेतली आणि त्याचा ब्लॉक करून पत्रिका छापली. ती पत्रिका धोंडिरामनं मशीनच्या झाकणावर आतून चिकटवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडून दाखवू लागला. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं मुश्कील झालं.

आता आप्पासोबद्दल. आप्पासो कचेरीतले अव्वल कारकून. आवक त्यांच्या टेबलावर, म्हणजे आलेल्या अर्जावर नंबर आणि शिक्का टाकायचं काम त्यांचं. नंबर पडला तर अर्ज जन्माला आला, नाही पडला तर तो नव्हताच. आप्पासो आष्ट्याकडचे, उसाच्या आणि हिरव्या रानाच्या मुलखातले. आमच्या कुसळाच्या तालुक्यात बदली झाली याचा त्यांनी आम्हा सगळ्यांवर सूड घेतला. हाताखालची माणसं त्यांना फार विनोदी म्हणायची. विनोदी होतेच. दुसऱ्याचं कातडं सोलून त्याला हसायला लावणं हा एक विनोदच म्हणायचा.

आप्पासोंच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. जाड अक्षराचे अर्ज पूर्वेकडच्या वस्त्यांवरनं यायचे. बौद्धांचे, मेंढक्यांचे, ज्यांच्यासाठी कुणाचा फोन येणार नाही अशा माणसांचे. वशिल्याची माणसं वकिलाकडं जायची, नाहीतर नानासोकडं. म्हणजे कागद वाचायचीही गरज उरली नाही. टेबलापासून लांब, दारातून आत येतानाच अक्षर दिसायचं आणि कुणाचा ते कळायचं. त्या कागदांना ते म्हशी म्हणायचे. "आज किती म्हशी आल्या रं?" म्हणून शिपाई गुंडाला विचारायचे. त्यातली एखाद-दुसरी, आमदाराच्या डोळ्यावर येईल अशी, नंबर टाकून पुढं जायची. बाकीच्या कपाटामागं. त्या कोपऱ्याचं नाव गोठा.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी समजू शकलो असतो. पण आप्पासो पुढं गेले. कुणी हातानं लिहिलेला अर्ज आणला आणि तो आपल्याला नको असला, की ते अगदी मायेनं सांगायचे, "असं चालत न्हाई बाबा. धोंडिरामकडनं टाइप करून आण. सायबास्नी त्येचंच अक्षर लागतं." माणूस पळत पत्र्याखाली यायचा. धोंडिरामला वाटायचं, कचेरीनं आपलं अक्षर मानलं. रोज दुपारी तो आप्पासोंना चहा पाठवायचा, दुधाचा, वेलदोड्याचा.

हे मला गुंडानं सांगितलं, आणि मी धोंडिरामला सांगितलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, "आवं स्टँपवाले, नानासोनं शिकवलं काय तुमास्नी? त्येचं गिऱ्हाईक तुटलंय म्हणून?" तिसऱ्यांदा सांगायला मी काही त्याचा सासरा नव्हतो.

त्याची मुलगी दीक्षा. हे सगळं पुराण तिच्यासाठी आहे. दहावी झालेली, मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास, बापानंच शिकवलेली. लग्न करून मुंबईला दिली होती. नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि हिला लेकीसकट एसटीत बसवून दिलं. लेक पायल, तेव्हा चार वर्षांची. दीक्षा वस्तीवर आई-बापाकडं राहायची. तिच्या पुढं दोनच वाटा होत्या. एक म्हणजे तासगावला बेदाण्याच्या शेडवर जाणं. आमच्याकडच्या बायका तिकडं हंगामाला जातात, शेडातच राहतात. तिथल्या गंधकाच्या धुरात पोर कुणी नेत नाही. दुसरी वाट अशी निघाली की आमच्याच कचेरीत टंकलेखकाची जागा भरायची ठरली. हंगामी होती, पण आमच्याकडं हंगामी चिकटलेला माणूस पुढं कायम होतो हे सगळ्यांना माहीत आहे. ती जागा मिळाली तर ती पायलला घेऊन तालुक्याच्या गावी खोली करणार होती आणि पोरीला समोरच्या शाळेत घालणार होती. न मिळाली तर पोर वस्तीवर आणि आई तासगावला. एवढा साधा हिशेब होता.

ती माझ्याकडं अर्जाचं तिकीट घ्यायला आली तेव्हा मी तिला गोठ्याचं सांगितलं. तिनं तिकीट पदराच्या गाठीत बांधलं. मग म्हणाली, "आबास्नी नगा सांगू. त्येंला सोसायचं न्हाई." धोंडिराम जेवायला गेला होता तेवढ्यात तिनं नानासोकडून बारीक, नेटक्या अक्षरात अर्ज टाइप करून घेतला. तिकीट लावलं, सही केली, दाखले जोडले, पाकीट बंद केलं आणि घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन देणार होती. शेवटचा दिवस होता तो.

दुसऱ्या दिवशी पायल तापानं फणफणली. दीक्षानं पाकीट बापाकडं दिलं.

तो पत्र्याखाली आला आणि ते पाकीट मशीनवर ठेवून बघत बसला. गिऱ्हाईक आलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. शेवटी मलाच म्हणाला, "बंद करून दिलंय. तसंच द्या म्हणली. म्या काय परका हाय व्हय?"

"पोरगी म्हणतीय तसं दे की," मी म्हणालो.

"एकदा बघतो नुसतं."

त्यानं ब्लेडनं पाकीट उघडलं. नानासोचं अक्षर बघून त्याचा चेहरा जो उतरला, तो मी विसरलेलो नाही. पलीकडं नानासो मान खाली घालून टाइप करत होता, जणू गावात नवाच आलाय.

"माझ्या मशीनवर शिकली," धोंडिराम म्हणाला. "माझ्या मशीनवर पास झाली. आन् अर्ज नानासोकडनं?"

मी त्याला सरळ सांगितलं. म्हणालो, धोंडिराम, पोरीनं विचार करून केलंय, तुझं अक्षर तिथं चालत नाही, तिच्या पोटावर पाय देऊ नको. मी त्याच्या हातातलं पाकीट धरलंही. त्यानं हिसडा मारून सोडवून घेतलं.

"चालत न्हाई? आप्पासो सोता माणसं धाडत्यात माझ्याकडं. हे बगा स्टँपवाले, हितं धा-वीस पोरं अर्ज देणार. समद्यांचं अक्षर सारखं. दीक्षाचा अर्ज कुणाच्या डोळ्यात भरणार? बारीक अक्षरात तिनं का मागायचं? तिचा हक्क हाय."

बोलत बोलत त्यानं कागद घातलासुद्धा. मी त्याला इतकं जीव लावून टाइप करताना कधी पाहिलं नव्हतं. नवी रिबन चढवली. नावाची ओळ तर दोनदा ठोकली, परत मागं येऊन त्याच अक्षरांवर, म्हणजे 'दीक्षा' आणखी काळं व्हावं. दर अनुस्वाराला कागद फाटतोय की काय असं वाटत होतं. मग जुन्या अर्जावरचं तिकीट ओलं करून सोडवलं, नव्यावर चिकटवलं आणि पोरीची सही स्वतःच केली. ती सही त्यानंच तिला शिकवली होती, अगदी हुबेहूब आली. नानासोचा कागद त्यानं मशीनचे ठसे पुसायला घेतला.

अर्ज द्यायला तो स्वतः आत गेला, चहाचा ग्लास घेऊन. बाहेर आला तो फुलून. आप्पासो म्हणाले होते, "पोरीचा काय रं? दारातनंच वळखला."

पुढं काय होणार हे मला कळत होतं आणि मी त्या माणसावर इतका चिडलो होतो की त्याच्याशी बोललो नाही. घरी त्यानं दीक्षाला एवढंच सांगितलं, की दिला. ती निर्धास्त झाली. पायल बरी झाल्यावर ती एकदा तालुक्याला येऊन खोलीही बघून गेली.

मुलाखतीला बोलावलेल्यांची नावं कचेरीच्या फळ्यावर लागली. त्यात दीक्षाचं नाव नव्हतं. तिच्यापेक्षा कमी शिकलेल्या, परीक्षाही न दिलेल्या एका पोराचं होतं. धोंडिराम फळ्यासमोर उभा राहून वरून खाली आणि खालून वर वाचत राहिला. मग आत गेला. मीही गेलो, तिकिटांचं रजिस्टर दाखवायचं निमित्त करून. तो काय ऐकणार होता ते त्यानं एकट्यानं ऐकू नये असं मला वाटलं.

आप्पासो सुपारी कातरत होते. आजूबाजूला तीन-चार कारकून.

"सायब, पोरीचं नाव न्हाई लागलं," धोंडिराम म्हणाला. "अर्ज तर येळेत दिला हुता."

"असं?" आप्पासोंनी अडकित्ता खाली ठेवला. "गुंडा, जरा म्हशी सोड रं."

कारकुनांनी माना खाली घातल्या. हसू दाबायला घातल्या. गुंडानं माझ्याकडं बघितलं आणि कपाटामागून गठ्ठा ओढला. लाल फडक्यात बांधलेला, धुळीनं माखलेला, चांगला कमरेएवढा. फडकं सोडलं तसे कागद फरशीवर घसरले. सगळं काळं, ठसठशीत, जाड अक्षर. दारातून वाचता येईल असं. टँकर वस्तीवर पाठवावा. रस्ता मोकळा करून द्यावा. आम्हाला घर नाही. मुलगा मेला, पंचनामा करावा.

"हुडीक तुझी," आप्पासो म्हणाले. "तुला तुझं अक्षर वळखाया येईल की."

धोंडिराम फरशीवर गुडघे टेकून बसला. तो एकेक कागद उचलायचा, नाव वाचायचा आणि बाजूला ठेवायचा. प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचा होता. प्रत्येकाला त्यानं सांगितलं होतं, सायबाच्या डोळ्यात भरंल बघ. एकाही कागदावर नंबर नव्हता, शिक्का नव्हता. खालच्या थरातले उंदरांनी कुरतडले होते. दीक्षाचा शेवटी सापडला, वरचा असून घसरून कपाटाखाली गेलेला. त्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग होता. तो चहा धोंडिरामनंच पाजलेला.

"सायब," तो म्हणाला, "तुमीच तर माणसं धाडत हुता माझ्याकडं."

"मग? न्हाईतर आमाला कळायचं कसं?" आप्पासो अगदी प्रेमानं म्हणाले. "नाराज हू नगंस रं. अक्षर झकास हाय तुझं. दारातनं नुसतं दिसलं तरी कळतं, हे वाचायचं न्हाई. किती येळ वाचवलास आमचा!"

आता मात्र कारकून मोकळेपणानं हसले. गुंडाही हसला, त्यालाही नोकरी होती. मला आप्पासोंच्या तोंडावर रजिस्टर मारावंसं वाटलं. मारलं नाही. धोंडिरामनं सगळे कागद परत एकावर एक नीट लावले, फडकं बांधलं, आणि दीक्षाचा अर्ज तेवढा मागितला. तो मिळाला नाही. दिलेला अर्ज परत देण्याची पद्धत नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

संध्याकाळी दीक्षा फळा बघायला आली. फळा बघून पत्र्याखाली आली आणि मलाच म्हणाली, "बारीक अक्षरातला असून कसा गेला वो?" मी धोंडिरामकडं बघितलं. मशीनशेजारच्या डब्यातून त्यानं चुरगाळलेला कागद काढून तिच्या हातात दिला. शाईनं बरबटलेला होता, तरी नानासोच्या अक्षरातलं तिचं नाव अजून लागत होतं. खाली तिची सही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तो कागद उलगडून गुडघ्यावर सपाट केला, घडी घातली, आणि तासगावची गाडी किती वाजता आहे ते मला विचारलं. पायलला आजीच्या, आक्काताईच्या, स्वाधीन करून ती त्याच आठवड्यात गेली. जाताना पोर एसटीच्या मागं पळाली आणि पडून तिचा ओठ फुटला, असं आक्काताई रडत सांगत होती. टायपिंगला तयार झालेली बोटं बेदाण्याच्या काड्या निवडू लागली.

धोंडिराम बरेच दिवस आला नाही. आता हा मशीन विकणार असं मला वाटलं होतं. पण आला, झाकण काढून बसला. आतली पत्रिका फाडलेली होती. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक मेंढका, हरिबा, त्याला आप्पासोंनीच धाडलेलं. धोंडिराम त्याला म्हणाला, नानासोकडं जा. हरिबा गोंधळला आणि परत आप्पासोंना विचारायला गेला. पाच मिनिटांत आप्पासो स्वतः व्हरांड्यात आले.

"धोंडिराम," तिथूनच म्हणाले, "पत्रा सरकारचा हाय. बसायचं असंल तर काम करायचं."

मी म्हणालो, ऊठ, माझ्या घराच्या ओट्यावर बस, तिथं कुणाच्या बापाची सत्ता नाही. तो म्हणाला, "कचेरी सोडून तुमच्या वट्याव कोण यील? पायलला दूध लागतं." आणि त्यानं हरिबाला खाली बसायला सांगितलं.

त्यानंतर तो टाइप करतच राहिला. पूर्वी त्याला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक होतं. माणसं तशीच यायची, पायपीट करून, सावलीत बसून आपलं सगळं सांगायची. तो ऐकायचा, तशीच नेमकी वाक्यं काढायचा, तशीच जाड ठोकायचा. सायबाच्या डोळ्यात भरंल, एवढंच म्हणायचा नाही. अर्ज घेऊन माणूस कचेरीच्या पायऱ्या चढायला लागला की तो तोंड फिरवून रिबन नीट करत बसायचा. मला त्याची कीव यायची आणि किळसही यायची. आप्पासोंना चहा मात्र जात राहिला.

बेदाण्याचा हंगाम सरता सरता, एप्रिलात, जयंतीच्या दोन दिवस आधी दीक्षा आली. वस्तीवर न जाता आधी आवारातच उतरली. आक्काताई बाजारात गेली होती, म्हणून पायल आजोबाजवळ होती. धोंडिरामसमोर सुलाबाई बसली होती, माण भागातून येऊन इथंच राहिलेली एक म्हातारी मेंढकी, नवरा नाही, मूल नाही. तिला निराधाराचा पगार सुरू करून हवा होता. धोंडिराम तिचा अर्ज टाइप करत होता. मधेच त्यानं पायलचं बोट आपल्या बोटानं धरून एक कळ दाबायला लावली. मोठ्ठं, काळं अक्षर उमटलं. पोर टाळ्या पिटायला लागली.

दीक्षा मागं उभी राहून बघत होती. हात सुकलेले, डोळे लाल झालेले. ती पुढं झाली, रोलरमधला कागद ओढून काढला आणि फाडला.

"आजी, उठा. ह्या नानासोकडनं करून घ्या."

सुलाबाईला काही कळलं नाही. ती दीक्षाच्या हातातल्या तुकड्यांकडं बघून खवळली. "का गं बये, माजा कागुद का फाडलास? मला हेच मोटं अक्षर पायजे. आतल्या सायबानं सांगून धाडलंय."

"आजी, ते वाचत न्हाईत. फेकून देत्यात."

"तू कोण मला शिकवणार? ते काय खोटं बोलत्यात?" सुलाबाई जागची हलली नाही.

दीक्षानं बापाकडं बघितलं. खरं सांगायला तो तिथं होता. एक वाक्य पुरलं असतं. तो व्हरांड्याकडं बघत होता, कारण व्हरांड्यात आप्पासो उभे होते.

दीक्षानं पायलला उचलून कडेवर घेतलं.

"हिला न्हेती मी."

"शेडात?" धोंडिराम उठला. "आगं, तितं गंधकाचा धूर आसतो म्हणलीस. पोरीला खोकला हुईल."

"हुईल," दीक्षा म्हणाली. "खोकला बरा हुतो, आबा. हितं ऱ्हायली तर तुमच्या हाताखाली शिकंल."

ती स्टँडाकडं गेली. पायल तिच्या खांद्यावरून आजोबाला हात हलवत होती. धोंडिराम दोन पावलं तिच्या मागं गेला आणि थांबला. सुलाबाईनं त्याच्या धोतराचा सोगा ओढला.

"बस रं बाबा," ती म्हणाली. "मला परत जायाला ऊन हुईल. पयल्यापास्नं घाल, आन् जाड उठू दे."

तो बसला. नवा कागद घेतला, रोलरमध्ये सरळ केला. मग तिला नाव विचारलं, आणि टाइप करायला लागला.